दिसतंय, पण बघायचं नाही

पावसाळी संध्याकाळ. बसथांब्यावर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी एकटीच उभी आहे, हातात मोबाईल. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहतं. ते माणूस नाही, हे तिच्या लगेच लक्षात येतं. तो विद्रूप चेहरा तिच्या चेहऱ्यापासून वितीभर अंतरावर येतो आणि तिला विचारू लागतो, की मी तुला दिसतोय का. मुलगी किंचाळत नाही, पळत नाही. मोबाईलवरची नजर ढळू देत नाही. पोटात गोळा आलाय, डोळे भरून आलेत. पण चेहरा असा, की बस कधी येणार एवढीच काय ती काळजी.

ही मिको योत्सुया. तोमोकी इझुमी यांच्या ‘मिएरुको-चान’ या जपानी चित्रकथेची म्हणजे मंगाची नायिका. २०१८ मध्ये ही मालिका सुरू झाली, २०२१ मध्ये तिच्यावर बारा भागांची ॲनिमेशन मालिका आली आणि २०२५ मध्ये चित्रपटही आला. कथेचं सूत्र एका वाक्यात संपतं. एका मुलीला अचानक भुतं दिसू लागतात आणि ती ठरवते, की आपल्याला काहीच दिसत नाही असं वागायचं. मंत्र नाही, तलवार नाही, कुणी गुरू नाही. हातात एकच हत्यार, मख्ख चेहरा.

भुतं दिसणाऱ्या पोरांच्या विनोदी भयकथा हा जपानी मंगाचा जुना आणि खपाऊ प्रकार आहे. साठ वर्षांत त्याने बरीच वळणं घेतली. पण प्रत्येक पिढीच्या कथेत एक प्रश्न कायम राहिला: ज्याला दिसतं, त्याने काय करायचं? या प्रश्नाची उत्तरं कशी बदलत गेली ते पाहिलं, की जपानी तरुणांच्या मनातली भीती भुतांची कमी आणि माणसांची जास्त आहे, हे ध्यानात येतं.

न बघण्याची कसरत

भय आणि हसू एकाच पानावर कसं नांदतं, ते आधी पाहू. ‘मिएरुको-चान’मध्ये मिको, तिची मैत्रीण हाना, वर्ग, दुकानं हे सगळं साध्या, स्वच्छ रेषेत काढलेलं असतं. भूत आलं की रेषा बदलते. दाट काळ्या रेघोट्या, लोंबणारं मांस, नको तिथे उगवलेली तोंडं. एकाच चौकटीत दोन वेगळ्या चित्रकथा एकमेकींत घुसल्यासारखं वाटतं. मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात आणि पान उलटण्याचा क्षण चित्रकाराच्या हातातला हुकमी पत्ता असतो. पान उलटताच भूत अंगावर येतं आणि लगेच खालच्या चौकटीत हाना विचारते, आज खायला कुठे जायचं? वाचकाची किंकाळी अर्धवट बाहेर पडते आणि तिचं हसू होतं.

या हानाला काहीच दिसत नाही. तिच्यातली जीवनशक्ती मात्र इतकी जबर, की भुतं तिच्यावर मुंग्यांसारखी जमतात. ती दमते, भुकेजते आणि सपाटून खाते. तिसरी मुलगी युरिया. तिला फक्त लहानसहान, किरकोळ भुतं दिसतात. मोठी दिसतच नाहीत. त्यामुळे मिको एखाद्या महाकाय आकृतीसमोर थिजलेली असते, तेव्हा युरियाला वाटतं की ही आपल्याशी शक्तिपरीक्षा करते आहे. जिला सगळं दिसतं ती गप्प, जिला थोडं दिसतं ती बढाया मारते, जिला काहीच दिसत नाही ती मजेत. वर्गावर्गात आढळणारं हे त्रिकूट आहे. भुतं काढून टाकली तरी गोष्ट चालेल.

भयकथा आणि विनोद यांचं हे सख्य काझुओ उमेझु यांनी फार आधी ओळखलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी ते वारले. सत्तरच्या दशकात त्यांनी अख्खी शाळा उजाड भविष्यात फेकली जाण्याची थरारक मालिका काढली आणि लगोलग ‘माकोतो-चान’ नावाच्या व्रात्य पोराची, पोट धरून हसायला लावणारी मालिकाही. त्यांचं म्हणणं असं, की दोन्हींत फरक आहे तो कुठे उभं राहून बघता एवढाच. पाठलाग होणाऱ्याला तो थरार असतो, लांबून बघणाऱ्याला तमाशा. मिकोच्या कथेत वाचक एकाच वेळी दोन्हीकडे उभा असतो.

शंभर वाती

भुतांकडे करमणूक म्हणून बघण्याची सवय जपानला मंगाने लावलेली नाही. एदो काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, शंभर गोष्टींच्या बैठकी भरत. शंभर वाती लावायच्या, एकेकाने भुताची गोष्ट सांगायची आणि गोष्ट संपली की एक वात विझवायची. शंभरावी विझली की खरं भूत येतं असा समज. म्हणून कित्येक बैठकी नव्याण्णवाव्या गोष्टीवर आटोपत. हौस तर भागवायची, पण विषाची परीक्षा नको!

१७७६ मध्ये तोरियामा सेकिएन यांनी भुताखेतांचा सचित्र ग्रंथ छापला. रात्री निघणाऱ्या भुतांच्या वरातीतली पात्रं त्यांनी सुटी केली, एकेका पानावर एकेकाला बसवलं आणि नाव घातलं. गावोगावच्या ऐकीव भुतांना अशी छापील ओळख मिळाली. १८२५ मध्ये एदो शहरातल्या रंगभूमीवर ‘योत्सुया काइदान’ आलं. विषप्रयोगाने चेहरा विद्रूप झालेली आणि नवऱ्याने दगा दिलेली ओइवा सूड घ्यायला परत येते, असं हे काबुकी नाटक. मिकोचं आडनाव योत्सुया आहे, हे जपानी वाचकाला खुदकन हसवतं. अशी नाटकं उन्हाळ्यात लावण्याची प्रथा होती. उकाड्यात अंगावर काटा आला की तेवढाच गारवा. आजही जपानात भुतांचा हंगाम उन्हाळाच. जत्रांमधली भूतघरं आणि टीव्हीवरच्या भयमालिका जुलै-ऑगस्टमध्येच गर्दी खेचतात.

एका हाताचा चित्रकार

या परंपरेला आधुनिक चित्रकथेत आणलं ते शिगेरु मिझुकी यांनी. जन्म १९२२, बालपण पश्चिम जपानच्या किनाऱ्यावरच्या साकाइमिनातो या मासेमारीच्या गावात. तिथे नोन्नोनबा नावाने ओळखली जाणारी एक गरीब म्हातारी त्यांना भुतांच्या गोष्टी सांगायची. छतावरचा डाग कुणाचा, रिकाम्या न्हाणीघरातली घाण चाटायला कोण येतं, रात्री पाठीमागे पावलं कुणाची वाजतात, या सगळ्याला तिच्याकडे नाव होतं. पुढे मिझुकींनी तिच्यावर लिहिलेल्या चित्रग्रंथाला २००७ मध्ये फ्रान्सच्या आंगुलेम महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्यात भरती करून न्यू ब्रिटन बेटावर पाठवलं. सोबतचे बहुतेक मारले गेले, ते मलेरियाने खंगले आणि बॉम्बहल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. तिथल्या जंगलात एका रात्री जीव मुठीत धरून पळताना पुढे जाताच येईना, जणू अंधारात भिंत उभी होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. जपानी लोककथांत अशा भिंतीचं भूत आहे. वाटसरूची वाट अडवतं आणि काठीने खालच्या बाजूला फटका मारला की नाहीसं होतं. कोकणात आणि देशावर रानवाटेवरच्या माणसाला चकवा लागतो, त्याचाच हा जपानी भाऊबंद. मिझुकींनी या अदृश्य भिंतीला डोळे आणि पाय दिले आणि ती आपल्या नायकाच्या टोळीत सामील केली.

हा नायक कितारो. त्याचं मूळ आणखी मागचं. चित्रपट्ट्या दाखवत गोष्टी सांगणारे फिरते कथेकरी १९३०च्या दशकात दफनभूमीत जन्मलेल्या या पोराची गोष्ट सांगत. तिचंही मूळ एका लोककथेत आहे. पोटुशी बाई मरते, पुरल्यावर तिला मूल होतं आणि रोज रात्री तिचं भूत मिठाईच्या दुकानात येऊन बाळासाठी साखरपाकाची गोळी विकत घेतं. क्योतोच्या हिगाशियामा भागातलं एक दुकान ही घटना आपल्याच दारात घडल्याचं सांगतं आणि पिवळसर, पारदर्शक, ओबडधोबड फोडलेल्या त्या गोळ्या आजही विकतं. मरण आलं तरी बाळाचं पोट भरायचं, या आईच्या हट्टातून जपानी मंगातला सर्वांत लाडका भूतपुत्र जन्मला.

मिझुकींनी १९६० मध्ये भाड्याने मिळणाऱ्या स्वस्त पुस्तकांसाठी कितारो नव्याने काढला, १९६५ मध्ये तो मोठ्या साप्ताहिकात आला आणि १९६८ मध्ये टीव्हीवर. मूळ नावात दफनभूमी होती, ती टीव्हीसाठी गाळली आणि ‘गेगेगे नो कितारो’ असं गमतीदार नाव पडलं. पात्रं तर इरसाल. बाप मेला, पण मुलाच्या काळजीपोटी त्याचा एक डोळा जिवंत राहिला. त्या डोळ्याला हातपाय फुटले आणि तो चहाच्या पेल्यात गरम पाण्याने अंघोळ करत मुलाला उपदेश करतो. दुसरा उंदीरमाणूस: अंघोळीचं वावडं, पैशासाठी कुणालाही विकणारा आणि दर वेळी माफी मिळवणारा. जवळपास भूत असलं की कितारोचे केस ताठ होतात. पण तो सरसकट भुतं मारत सुटत नाही. माणसांनी डोंगर पोखरला म्हणून भूत चवताळलं असेल, तर चूक कुणाची हे तो आधी बघतो. त्याचं काम मध्यस्थाचं. युद्धातून एका हाताने परतलेल्या माणसाला शत्रू आणि आपला ही वाटणी इतकी सोपी वाटत नसावी.

साकाइमिनातोने या ऋणाची परतफेड दणक्यात केली. १९९३ मध्ये तिथे भुतांच्या २३ कांस्यमूर्तींचा रस्ता तयार झाला. आता मूर्ती पावणेदोनशेहून अधिक आहेत. योनागोहून गावात येणाऱ्या छोट्या रेल्वेमार्गावर प्रत्येक स्थानकाला एकेका भुताचं टोपणनाव आहे. योनागो स्थानक उंदीरमाणसाचं, साकाइमिनातो कितारोचं. विमानतळालाही कितारोचं नाव आहे. मिझुकी २०१५ मध्ये ९३व्या वर्षी गेले. लोकसंख्या रोडावत चाललेल्या या भागाच्या पर्यटनाचा गाडा त्यांची भुतं ओढताहेत.

तासाला २५५ येन

मध्यस्थाचा जमाना पुढे सरला आणि भुतं बघणं हा धंदा झाला. १९९१ मध्ये ताकाशी शिइना यांची ‘घोस्ट स्वीपर मिकामी’ आली. जमिनीच्या किमती गगनाला भिडलेल्या तेजीतून जपान नुकता बाहेर पडत होता. मोक्याच्या इमारतीत भूत असलं तर भाडं बुडतं. म्हणून भुतं हाकलणारी रेइको मिकामी अव्वाच्या सव्वा दर लावते आणि पैशावर नजर ठेवून जगते. तिच्याकडे सामान वाहणारा पोरगा योकोशिमा तासाला २५५ येनवर राबतो. तीनशे वर्षांपूर्वी मेलेली ओकिनु ही भूतकन्या तर दिवसाला ३० येनवर खूश. मालकीणबाईंच्या हिशेबात मेलेल्यांना किमान वेतन लागू होत नाही!

या काळात लढवय्ये नायकही आले. योशिहिरो तोगाशींच्या ‘यू यू हाकुशो’मधला (१९९० ते १९९४) युसुके हा वाया गेलेला शाळकरी पोरगा, एका लहान मुलाला गाडीखालून वाचवताना मरतो. वर गेल्यावर कळतं, की ते मूल तसंही वाचणारच होतं. युसुकेच्या चांगुलपणाची तिथे कुणी अपेक्षाच केली नव्हती, त्यामुळे नोंदवहीत त्याच्यासाठी जागा नाही. या कचेरीचा मुख्य एन्मा, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेलेला आपलाच यमराज. त्याचा मुलगा तोंडात चोखणी धरून कागदांच्या ढिगाऱ्यामागे बसतो आणि शिक्के मारतो. चित्रगुप्ताच्या वहीची ओळख असलेल्या आपल्याला हे ऑफिस परकं वाटत नाही.

२००१ मध्ये सुरू झालेल्या तिते कुबोंच्या ‘ब्लीच’चा नायक इचिगो पुढे तलवार घेऊन महायुद्धं लढतो. त्याचा खरा परिचय पहिल्याच प्रकरणात होतो, तोही तलवारीशिवाय. रस्त्यात मेलेल्या एका लहान मुलीसाठी कुणीतरी फुलदाणी ठेवलेली असते. स्केटबोर्ड खेळणारी टवाळ पोरं ती पाडतात. इचिगो त्यांना बदडून काढतो आणि त्या मुलीची माफी मागायला लावतो. इतरांसाठी ती आडवी पडलेली फुलदाणी, त्याच्यासाठी समोर उभं असलेलं पोर. दिसणं म्हणजे अंगावर पडलेली जबाबदारी, हे या काळाचं उत्तर.

युकी मिदोरिकावा यांच्या ‘नात्सुमे’ मालिकेत हेच दिसणं एकटेपणाचं कारण होतं. आईबाप नसलेला हा मुलगा एका नातेवाइकाकडून दुसऱ्याकडे फिरतो. इतरांना न दिसणाऱ्या गोष्टींना घाबरतो म्हणून खोटारडा ठरतो. त्याच्या वाट्याला हसू येतं ते एका लठ्ठ, खादाड, दारूबाज मांजराच्या रूपात राहणाऱ्या भुतामुळे.

मंदी लांबत गेली तसे कथांमधले खिसेही रिकामे होत गेले. ‘इनुयाशा’वाल्या रुमिको ताकाहाशींनी २००९ मध्ये ‘रिन्ने’ सुरू केली. लहानपणापासून भुतं दिसणारी साकुरा आणि आत्म्यांना मार्गी लावणारा तिचा वर्गमित्र रिन्ने. हा अर्धा यमदूत इतका कफल्लक, की शाळेच्या पडक्या इमारतीत राहतो आणि एखादा आत्मा मुक्त करायला लागणाऱ्या सामानाचे पैसे मोजताना त्याच्या पोटात खड्डा पडतो. २०१२च्या ‘मॉब सायको १००’मध्ये अचाट अतींद्रिय शक्ती असलेला शाळकरी मुलगा एका भोंदू मांत्रिकाकडे तासाला ३०० येनवर काम करतो. त्या वर्षी टोक्योतलं किमान वेतन तासाला ८५० येन होतं. तेजीतली मिकामी ग्राहकाला लुटत होती. मंदीतल्या पोरांना भुतं दिसूनही भाडं भागत नाही.

शौचालय आणि बोगदा

या साऱ्या कथा शाळेभोवती का घुटमळतात? कारण युद्धानंतरच्या जपानमध्ये भुतं गावकुसाबाहेरून शाळेत राहायला आली. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या शौचालयाचं तिसरं दार ठोठावलं की ओ देणारी हानाको, रात्री आपोआप वाजणारा पियानो. जवळपास प्रत्येक शाळेची स्वतःची अशी सात रहस्यं असतात. १९७९ मध्ये तोंड कानापर्यंत फाटलेल्या बाईची अफवा देशभर इतकी पसरली, की मुलं गटागटाने घरी जाऊ लागली. २०१४ पासून चालू असलेल्या एका लोकप्रिय मालिकेने शौचालयातल्या हानाकोला मिश्कील मुलगा करून टाकलं.

या शालेय दंतकथांचा आजचा सर्वांत धुमाकूळ घालणारा वारस म्हणजे युकिनोबु तात्सु यांची ‘दानदादान’, २०२१ मध्ये सुरू झालेली. मोमोचा भुतांवर विश्वास आहे, परग्रहवासीयांवर नाही. ओकारुनचं नेमकं उलटं. दोघं पैज लावतात. ती परग्रहवासी येतात म्हणतात त्या पडक्या इस्पितळात जाते, तो भुताच्या बोगद्यात. दोघंही हरतात, कारण दोन्ही खरं निघतं. बोगद्यातली सुसाट पळणारी टर्बो आजी ओकारुनच्या पुरुषत्वाचा ऐवजच पळवून नेते आणि पुढची कित्येक प्रकरणं त्याची शोधमोहीम चालते. हा चावटपणा सगळ्यांना पचेल असा नाही.

पण त्याच कथेत एक लांब केसांची, लाल पोशाखातली, उंच भूतबाई येते. ती आयरा नावाच्या मुलीच्या मागे लागलेली असते. ॲनिमेशनच्या सातव्या भागात तिची पूर्वकथा उलगडते. एकटी आई, कर्ज, मिळेल ते काम आणि लहान मुलीसोबत घरात नाचण्याचे थोडे क्षण. मग कर्जवसुली करणारे त्या मुलीलाच उचलून नेतात. आई मरते आणि मेल्यावरही मुलीला शोधत राहते. लहानपणी आई गमावलेली आयरा एकदा तिलाच आई म्हणून हाक मारते आणि ते भूत तिच्याशी जोडलं जातं. या पूर्वकथेत एकही विनोद नाही. तोवर हसत आलेला प्रेक्षक सावध नसतो, म्हणून घाव खोल बसतो. टर्बो आजीचंही तेच. त्या बोगद्याजवळ निर्घृणपणे मारल्या गेलेल्या मुलींच्या आत्म्यांची ती सोबत करत होती, हे नंतर कळतं. पुढे ती मोमोच्या घरात नशीबवान मांजराच्या बाहुलीत शिरून सगळ्यांवर खेकसत राहते. हाकलायची म्हातारी घरातलीच होऊन बसते.

वांग्याची गाय

मेलेलं माणूस घरात वावरतंय, ही कल्पना जपानी घरात विचित्र वाटत नाही. बहुतेक भागांत ऑगस्टच्या मध्यावर ओबोन असतो. पूर्वजांचे आत्मे या दिवसांत घरी येतात. त्यांच्या वाहनाची सोय म्हणून काकडीला आणि वांग्याला काड्यांचे चार पाय खोचून ठेवतात. काकडीचा घोडा लवकर येण्यासाठी आणि वांग्याची गाय परत जाताना रमतगमत जाण्यासाठी. या सणामागे बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याची कथा सांगतात. त्याची आई प्रेतयोनीत भुकेने तळमळत होती; भिक्षूंना अन्नदान केल्याने ती सुटली. पितृपक्षात पानावर घास काढून कावळ्याची वाट बघणाऱ्यांना यात नवं काय आहे?

‘मिएरुको-चान’चा सर्वांत हळवा धागा इथेच आहे. ज्यांना कथेतली कलाटणी आधी कळायला नको, त्यांनी हा परिच्छेद सोडावा. मिकोच्या घरात आई, भाऊ आणि वर्तमानपत्र वाचणारे वडील दिसतात. ती वडिलांशी बोलत नाही, जणू रुसली आहे. फ्रिजमधल्या पुडिंगवरून दोघांचं भांडण झालं होतं. मग एका क्षणी वाचकाला कळतं, की वडील वारलेत आणि ते फक्त तिलाच दिसतात. इतर भुतांच्या बाबतीत न दिसल्याचं नाटक ही युक्ती होती. इथे ते नाटक शिक्षा होऊन बसतं.

दिसलं म्हणजे कळलं असं नाही, हेही ही कथा बजावते. मिको आणि हानाला सापडलेल्या मांजराच्या पिल्लासाठी दोन उमेदवार येतात. एक देखणा, मृदू तरुण, पण त्याच्याभोवती भेसूर मांजरभुतं. दुसरा गुंडासारखा दिसणारा दांडगा माणूस. त्याच्या आसपास मात्र मेलेली मांजरं सुखाने घोटाळताहेत. मिको पिल्लू दुसऱ्याला देते. वाचकही तिच्या चतुराईवर खूश होतो. पुढे तोच देखणा तरुण वर्गावर शिक्षक म्हणून येतो, मिको हादरते आणि बऱ्याच प्रकरणांनंतर उलगडतं की मांजरांचा छळ करणारा निराळाच. हा तर त्याच्या शोधात होता आणि त्याला झपाटणारं भूत होतं त्याच्या जाचक आईचं. चारचौघांना न दिसणारं दिसूनही मिकोने माणसाला वरवरच जोखलं होतं.

तिचं मख्ख राहण्याचं व्रतही शेवटपर्यंत टिकत नाही. हानाच्या जिवावर बेततं तेव्हा ती पुढे होते आणि तिच्या सावध जगण्याला तडा जातो. जपानी शाळेत चारचौघांपेक्षा वेगळं दिसणं महागात पडतं. वर्गात कुणाचा छळ चालला असेल तर नजर दुसरीकडे वळवणं ही जगण्याची रीत होते. मिकोच्या चेहऱ्यावरचा तो भाव त्या वर्गांतल्या लाखो मुलांना आरशात दिसलेला असणार. म्हणून ही कथा त्यांना एवढी भावली, असं मला वाटतं.

भोंदू आणि कायदा

या प्रकारात आणखी एक पात्र हटकून असतं: भोंदू. ‘मॉब सायको’तला रेइगेन कंबर दुखणाऱ्या गिऱ्हाइकाला भूतबाधा सांगतो आणि मालीश करून बरं करतो. मिको ज्योतिषी म्हाताऱ्या बाईकडून मंतरलेले मणी घेते. खऱ्या भुतापुढे ते फुटून विखुरतात आणि ती म्हातारी दुकान गुंडाळून गावी निघून जाते. हे विनोद हवेतून आलेले नाहीत. पूर्वजांचा कोप सांगून महागड्या वस्तू गळ्यात मारण्याचा धंदा जपानात अनेक वर्षं चालला. २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या करणाऱ्याच्या आईने एका धर्मपंथाला घरदार बुडवून देणग्या दिल्याचं उघड झालं आणि त्याच डिसेंबरात अशा देणग्यांना चाप लावणारा कायदा आला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. दोन्हीकडे कायद्यामागे रक्त सांडलेलं आहे. भुतांच्या गोष्टी रंगवून सांगायच्या आणि भुतांच्या नावाने लुटणाऱ्याची टर उडवायची, हे दोन्ही एकाच वेळी जमतं, हे या मंगांनी दाखवून दिलं.

मुंजा कोणाला दिसतो?

मराठी घरांना हे सगळं वाटतं तितकं अनोळखी नाही. आपल्या पोरांच्या तोंडपाठ असलेल्या डोरेमॉनचे जनक, फुजिको फुजिओ ही जोडी, १९६० च्या दशकात आधी गाजली ती ‘ओबाके नो क्यूतारो’मुळे. एका मुलाच्या घरी राहायला आलेलं, पांढऱ्या चादरीसारखं, कुत्र्याला घाबरणारं भूत. डोरेमॉन त्याच्या नंतरचा. आणि २०२४ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने कोकणातलं भूत देशभर नेलं. पुण्यातल्या भिडस्त बिट्टूलाच तो मुंज्या दिसतो आणि लोक त्याला वेड्यात काढतात. मिको आणि इचिगोच्याच पंगतीतला हा मुलगा.

चित्रपट खूप चालला, पण चित्रकथेच्या पानावर मराठी मूल अजून भुतासमोर फारसं उभं राहिलेलं नाही. सामग्री काय कमी आहे? मुंजा, खवीस, हडळ, झोटिंग, समंध, आसरा, देवचार आणि आडरानात गोल गोल फिरवणारा चकवा. शिवाय प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, जागा वेगळी, उपाय वेगळा. सेकिएनने जे १७७६ मध्ये केलं आणि मिझुकींनी १९६० मध्ये, ते करण्याइतकी माणसं आपल्याकडे नक्की आहेत. मात्र नुसती भुतांची यादी सजवून भागणार नाही. भूत बघणारं पोर आधी सापडलं पाहिजे: दहावीच्या वर्गातलं, क्लासला जाणारं, चाळीत किंवा टॉवरमध्ये राहणारं, घरात काय चाललंय ते सगळं दिसूनही न बोलणारं.

वाचायला सुरुवात करायची असेल, तर क्रम असा ठेवा. लहान मुलांसाठी कितारो, संथ वाचन आवडणाऱ्यांसाठी नात्सुमे, कॉलेजातल्यांसाठी ‘मिएरुको-चान’ आणि ‘मॉब सायको’. इंग्रजी अनुवाद मिळतात. ‘दानदादान’ मोठ्यांनी आधी स्वतः बघावं. सुरुवातीलाच नायिकेवर जबरदस्तीचा प्रसंग आहे. ‘मिएरुको-चान’च्या ॲनिमेशनमध्ये कॅमेरा शाळकरी मुलींच्या अंगावरून नको तसा फिरतो, हा त्या चांगल्या कथेला लागलेला बट्टा आहे, त्यापेक्षा पुस्तक सरस. आणि ज्या चित्रकाराच्या वहीत अर्धवट मुंजा पडून असेल, त्याने तो पुढच्या दिवाळी अंकासाठी पुरा करावा. संपादकांनी त्याला चार पानं आणि रीतसर मानधन द्यावं, तासाला २५५ येनच्या हिशेबाने नव्हे.